खिडकीतला सूर्य

जेवणाच्या टेबलाची जादा फळी हिवाळ्यापासून कपाटामागे उभी होती. अण्णांची बायको गेल्यानंतर या घरात एवढी माणसं एकदम टेबलाशी बसलीच नव्हती, त्यामुळे फळी लागायचं कारण नव्हतं. त्या रविवारी दुपारी अण्णांनी ती ओढून काढली, फडक्याने पुसली आणि एकट्यानेच खाचेत बसवायला गेले. एक बाजू बसली की दुसरी वर यायची. शेवटी सूनबाई आली आणि तिने पलीकडून दाबली.

"हाक मारायची ना, अण्णा."

"मारणार होतो," अण्णा म्हणाले.

खारूचा बार मित्झ्वा उन्हाळ्याच्या अखेरीला होता. ज्यू घरातला मुलगा तेरा वर्षांचा पुरा झाला की त्याने सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर उभं राहून तोरा या धर्मग्रंथातला त्या शनिवारचा भाग वाचायचा आणि त्या दिवसापासून मोठ्या माणसांत जमा व्हायचं. नातवाला हे खारू नाव आजीनेच ठेवलं होतं. रिकाम्या बाटल्या, दोऱ्या, डबे, जे दिसेल ते तो खारीसारखं कोपऱ्यात नेऊन साठवायचा. आता त्याच पोराने आपल्या समारंभासाठी नियम काढले होते. फेकायची ताटली नाही, फेकायचा पेला नाही. तोडलेली फुलं नाहीत, कुंड्या ठेवायच्या आणि पाहुण्यांनी त्या घरी न्यायच्या. पाहुण्यांच्या डोक्यावरच्या टोप्या जुन्या शर्टांच्या कापडातून शिवायच्या. फुगे तर नाहीतच.

"एक सांगा मला," आत्या म्हणाली. ही अण्णांची धाकटी बहीण. स्वतः लग्न केलं नाही, म्हणून घरातल्या प्रत्येक कार्यात तिचं मत सगळ्यांच्या आधी. "चांगले कपडे घालून लोक येणार आणि दुसऱ्या कोणाच्या जुन्या शर्टाची टोपी घालून बसणार? कोणाचा शर्ट, ते तरी सांगणार आहात का त्यांना?"

"धुतलेले शर्ट आहेत, आत्याआजी," खारू म्हणाला.

"मोठे उपकार झाले. आणि ताटं?"

"शेजाऱ्यांकडून आणायची. नंतर धुऊन परत द्यायची."

"धुणार कोण?"

"मी."

"तू? तुझा सकाळचा दुधाचा पेला अजून बेसिनमध्ये पडलाय."

सूनबाईने हसू दाबलं. ती वाचनालयात नोकरीला होती. आणलेली वस्तू वेळेत परत करायची हा तिच्या दृष्टीने अर्धा धर्मच होता, त्यामुळे ती पहिल्यापासून मुलाच्या बाजूने होती. पंचाईत झाली होती ती भाऊची. भाऊ म्हणजे अण्णांचा मुलगा, खारूचा बाप. त्याचं दुकान नेमकं कागदी ताटल्यांचं आणि प्लास्टिकच्या पेल्यांचं.

"माझं गोदाम भरलेलं आहे," भाऊ म्हणाला. "आणि माझ्याच मुलाच्या कार्याला मी ताटं मागत दारोदार हिंडू? गिऱ्हाईक उद्या तोंडावर विचारेल, तुमचा माल तुमच्याच घरात चालत नाही का म्हणून."

"मग सांग ना, नाही चालत," सूनबाई म्हणाली.

"तुझ्या पगारावर सांगू का?"

"सांगून तर बघ. पगार नाही, पण वाचायला पुस्तकं भरपूर मिळतील."

"बाबा, आजीने सांगितलंय," खारू म्हणाला.

हे वाक्य आलं की भाऊ गप्प व्हायचा. सगळेच व्हायचे. कारण ते खरं होतं. खारूला त्याचा भाग आजीने शिकवला होता. तिच्या वडिलांनी तिला लहानपणी तो म्हणायची चाल शिकवली होती. मुलींनी पुढे उभं राहून वाचायची तेव्हा पद्धत नव्हती, पण तिच्या कानात सगळं राहिलं होतं. छातीच्या आजाराने अंथरूण धरलं तरी रोज संध्याकाळी ती उशीला टेकून बसायची आणि खारू पलंगाच्या कडेला. त्या भागात एके ठिकाणी असं येतं की शत्रूच्या गावाला वेढा घातलास, तरी त्या गावची फळझाडं तोडू नकोस. ती एवढं वाचून थांबायची आणि म्हणायची, "बघ, लढाईतसुद्धा नाही. मग आपण तर नुसतं जेवण घालणार आहोत." तिथून पोराच्या डोक्यात ताटल्यांचं सुरू झालं. ती गेल्यावर त्याने त्यातला एकही नियम सोडला नाही. उलट वाढवले.

"आत्याआजी," खारू म्हणाला, "तुमच्याकडे तो निळ्या काठाचा सेट आहे ना? आजी म्हणायची, तसा सेट गावात कोणाकडे नाही."

आत्या बशीत चहा ओतता ओतता थांबली.

"वहिनी म्हणायची असं?"

"खूप वेळा."

"माझ्यासमोर कधी बोलली नाही ती." आत्याने कपाळावरचे केस मागे केले. "तो सेट आईचा आहे. अण्णाच्या लग्नानंतर बाहेर निघालेला नाही. पण काढायचा म्हटला तर काढता येईल. फक्त शेजाऱ्यांच्या ताटांत मिसळायचा नाही. आणि भाऊ, खरं सांगू का, तुझ्या त्या ताटल्यांना काही रया नाही. ओलं काही वाढलं की वाकतात."

"वा! म्हणजे तूही गेलीस तिकडे," भाऊ म्हणाला. मग तो अण्णांकडे वळला. "अण्णा, आता तुम्हीच काय ते सांगा."

बायको असती तर अण्णांना कोणी विचारलंच नसतं. ती एक वाक्य बोलली असती आणि प्रत्येकाला आपलंच खरं झालं असं वाटलं असतं. अण्णांना ते कधी जमलं नव्हतं. जन्मभर त्यांनी खिडक्यांना काचा बसवल्या. मापं घ्यायची, काच कापायची, कडांना पुट्टी भरायची, घरी यायचं. घरात काय चाललंय ते तिच्याकडून कळायचं.

"ताटं मी धुवीन," ते म्हणाले.

भाऊने मान हलवली. "ठीक आहे. मग पुसायला मी आहे," तो म्हणाला, आणि ताटांचा प्रश्न तिथे संपला.

मास्तर आले तेव्हा कुंड्यांवरून वाद चालू होता. मास्तर सिनेगॉगमध्ये मुलांना शिकवायचे. आजी गेल्यापासून खारू त्यांच्याकडे उजळणीला जात होता. उंच, किडकिडीत माणूस, दारातून आत येताना उगाचच वाकायची सवय. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी चहा घेतला, पण कपात दोन घोट उरवून तो नुसता हातात धरून बसले.

"आधी थोडं म्हणून दाखव," ते खारूला म्हणाले. "सगळे आहेत तर ऐकू देत."

खारू उभा राहिला. त्याचा आवाज अजून फुटला नव्हता. त्याने सुरुवात केली आणि अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली.

चाल तिची होती, हे त्यांना माहीत होतं. पण आज टेबलाशी बसून शांतपणे ऐकताना त्यांना दुसरंच काही ऐकू आलं. पोर अध्येमध्ये थांबत होतं. ओळ पुरी व्हायच्या आत, शब्दाशब्दांच्या मध्ये, एक लहानसा श्वास घ्यायचं आणि पुढे जायचं. शेवटच्या दिवसांत ती तशी थांबायची. दम पुरायचा नाही म्हणून.

"इथे थांबायचं नाही, बाळा," मास्तर म्हणाले. "मागच्या खेपेलाही सांगितलं होतं. हे एका दमात म्हणायचं."

"आजी इथे थांबते," खारू म्हणाला.

सूनबाई उठली आणि किटली घेऊन आत गेली. किटली भरलेलीच होती.

मास्तरांनी पुन्हा सांगितलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "बस तू. मला दुसरंच एक विचारायचं आहे. कसं विचारावं कळत नाही. तारीख आजींनी काढली होती. त्यांचं कधी चुकायचं नाही, म्हणून मी तशीच धरली. काल दुसऱ्या एका मुलाची तारीख काढत होतो, तेव्हा सहज याचीही बघितली. आपला दिवस सूर्य मावळला की बदलतो. हा जन्मला संध्याकाळी. दाखल्यावरची वेळ आणि त्या दिवशीचा सूर्यास्त, दोन्ही अगदी चिकटून आहेत. दाखल्यावरची वेळ कोणीतरी अंदाजाने टाकलेली असणार. सूर्य असताना जन्मला असेल, तर आपण ठरवलाय त्या शनिवारी तो तेराचा पुरा आहे. मावळल्यावर जन्मला असेल, तर त्या शनिवारी संध्याकाळी पुरा होईल. मग सकाळी वाचायला उभा कसा राहणार?"

"म्हणजे?" भाऊने विचारलं.

"म्हणजे पुढचा शनिवार धरावा लागेल. आणि पुढच्या शनिवारी भाग वेगळा असतो."

"हा भाग नाही?" खारूने विचारलं.

"हा नाही."

आत्या एकदम हसली. "अहो मास्तर, एवढंच ना? घाबरवलंत की. सूर्य होता! वहिनी प्रत्येक वाढदिवसाला सांगायची, आम्हाला पाठ झालंय. पोर हातात दिलं तेव्हा सूर्य खिडकीत होता. त्याच्यासाठी थांबला होता."

"मीही ऐकलंय ते," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. "पण ऐकलेलं नको. तिथे असलेल्या कोणी सांगितलं की मी त्याचा शब्द धरीन. पुढे एक अक्षर विचारणार नाही."

"मी मालाची गाडी घेऊन बाहेरगावी गेलो होतो," भाऊ म्हणाला.

"माझ्याकडे बघू नका," सूनबाई दारातून म्हणाली. "मला त्या वेळी सूर्य कुठला, छतसुद्धा दिसत नव्हतं."

मग सगळे अण्णांकडे बघायला लागले.

अण्णा तिथे होते, दवाखान्यात. बायको आत सुनेजवळ आणि ते बाहेर, लांब व्हरांड्याच्या टोकाला. तिथली खिडकी पश्चिमेची. त्या खिडकीतून त्यांनी सूर्य समोरच्या छपरांमागे गेलेला बघितला होता. मग खाली दवाखान्याच्या सगळ्या आवारातले दिवे लागले. मग थोड्या वेळाने आतून बाळाचं पहिलं रडणं ऐकू आलं आणि परिचारिका मुलगा झाल्याचं सांगत आली. ते आत गेले तेव्हा ती बाळाला घेऊन खिडकीशी उभी होती आणि बाळाच्या गालावर पिवळा उजेड पडला होता. "बघा," ती म्हणाली, "सूर्य थांबलाय याच्यासाठी." ती आदल्या रात्रीपासून जागी होती. डोळ्यांना पाण्याची धार लागली होती. ती खिडकी पूर्वेची होती. खोलीत शिरलं की आधी खिडकी बघायची, ही अण्णांची धंद्याची खोड. संध्याकाळचा सूर्य त्या काचेत यायचा प्रश्नच नव्हता. तो खालचा दिवा होता.

"हो," अण्णा तेव्हा म्हणाले होते. पुढे प्रत्येक वाढदिवशी ती गोष्ट सांगायची आणि त्यांच्याकडे बघायची, आणि ते म्हणायचे, "हो."

आताही तेवढंच म्हणायचं होतं.

"अण्णा?" भाऊ म्हणाला.

"आलोच," अण्णा म्हणाले आणि उठून मागच्या खोलीत गेले.

त्या खोलीत त्यांची हत्यारं होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. हो म्हटलं तर पोराच्या तोंडी तिची चाल राहील, तिचा भाग राहील, सगळं ठरल्यासारखं होईल. कोणाचं काय बिघडणार होतं? कोणाला कळणार होतं? पण मोठ्या माणसांत जमा व्हायला पोर उभं राहणार आणि ते उभं राहणंच खोटं. ती स्वतः काय म्हणाली असती, हेही त्यांना ठाऊक होतं. तिने आधी त्यांनाच फैलावर घेतलं असतं, इतकी वर्षं माझी फजिती करत राहिलात म्हणून. मग तारीख बदलली असती. पण ती आता बोलणार नव्हती. आता तिचं चुकलं असं म्हणायचं, आणि तिला त्यावर उत्तर देता येणार नाही. हे त्यांना सोसवत नव्हतं.

दार ढकलून खारू आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"दिवा होता," अण्णा म्हणाले.

"काय?"

"खिडकीत. सूर्य नव्हता. खालचा दिवा होता. सूर्य आधीच गेला होता. मी बघितला होता जाताना."

खारूचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मग तुम्ही तिला का नाही सांगितलंत?"

"ती फार खूश होती रे."

"पण नंतर? नंतर सांगायचं ना! मी शिकायला लागलो तेव्हा तरी सांगायचं. तिला दम लागायचा, तरी ती शिकवत होती. मी तिला म्हणायचो, आज राहू दे, तरी शिकवायची. ते सगळं चुकीचं होतं?"

"तारखेचा आणि त्या दिव्याचा संबंध आहे, हे मला आज कळलं. मास्तर बोलले तेव्हा."

"खोटं."

"खोटं नाही. तारखांचं सगळं तीच बघायची. मला त्यातलं काही कळत नाही, तुला माहीत आहे."

खारूने लाकडी पट्टीवर मूठ आपटली. मग तिथेच जमिनीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. अण्णांना त्याला जवळ घ्यायचं होतं, पण स्टुलावरून चटकन उठता येईना. अशा वेळी ती काय करायची? काहीतरी बोलायची. काय बोलायची, ते त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

"मी तिकडे जाऊन हो म्हणू शकतो," ते अखेर म्हणाले. "तू सांग. तू म्हणशील ते म्हणेन."

पोराने डोकं वर केलं. नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. अण्णांना वाटलं, आपण हे याच्यावर टाकायला नको होतं.

"नको," खारू म्हणाला. "मीच सांगतो त्यांना. तुम्हाला नाही जमणार."

तो उठला. अण्णा त्याच्या मागून गेले. टेबलाशी सगळे होते तसेच बसले होते.

"सूर्य मावळला होता," खारू म्हणाला. "अण्णांनी बघितलंय. तो दिवा होता."

आत्याने तोंडावर हात धरला. "अरे देवा. वहिनीने किती कौतुकाने…" आणि ती रडायला लागली. वहिनी गेली त्या दिवशी आत्या सगळं घर सांभाळत उभी होती, तेव्हा रडली नव्हती. सूनबाईने खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

मास्तरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान डोलावली.

"बरं," मास्तर हळूच म्हणाले. "वेळ थोडा आहे, पण होईल. पुढच्या भागातही तुझ्या कामाचं आहे, खारू. त्यात पक्ष्याच्या घरट्याचं येतं. वाटेत घरटं दिसलं आणि पिलं घ्यायची झाली, तर आधी आईला उडवून लावायचं. दोघांना एकदम घ्यायचं नाही."

"आईला का उडवायचं?"

"काही म्हणतात, तिला बघावं लागू नये म्हणून."

खारूने विचार केला. "मग पिलांचं काय?"

"त्यावर तू बोल," मास्तर म्हणाले. "वाचून झाल्यावर मुलाने चार शब्द बोलायचे असतात. तू यावर बोल. मलाही ऐकायचं आहे."

"मला त्यावर बोलायचं नाही."

"मग नको बोलूस," मास्तर म्हणाले. थोडं बसून ते उठले. जाताना दारात वाकायचं विसरले, आणि काही लागलंही नाही.

आता सगळ्यांना नवी तारीख कळवायला हवी होती. खारूच्या नियमांत कागदी निमंत्रण बसत नव्हतं, त्यामुळे जे काही कळवलं होतं ते एकेकाला फोन करूनच. भाऊ म्हणाला, मी सगळ्यांना एकच निरोप पाठवून देतो. सूनबाई म्हणाली, असं बरं दिसत नाही, लोक विचारतील कारण काय.

"मी करतो," अण्णा म्हणाले.

भाऊने आश्चर्याने बघितलं. अण्णांनी आपणहून कोणाला फोन केलेला घरात कोणी पाहिला नव्हता. फोन त्यांची बायकोच करायची आणि शेवटी म्हणायची, घ्या, दोन शब्द बोला, आणि अण्णा खरोखर दोनच बोलायचे.

पहिला फोन मेव्हणीला लावायचा होता, तिच्या पाठच्या बहिणीला. खारूने नंबर लावून दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसला. पलीकडचा आवाज ऐकला आणि अण्णांनी फोन कानापासून जरा लांब धरला. दोघी बहिणींचा आवाज फोनवर अगदी सारखा यायचा.

"भावोजी? तुम्ही आहात ना? बोला की."

"हो. बार मित्झ्वाची तारीख एक आठवडा पुढे गेली, ते सांगायला केला."

"का हो? ताईने तर तारीख कधीच काढून ठेवली होती. मला स्वतः सांगितली होती तिने."

खारू त्यांच्याकडे बघत होता.

"तिची बरोबर होती," अण्णा म्हणाले. "माझी चूक झाली. जन्माची वेळ मी तिला चुकीची सांगितली होती."

खारूने तोंड उघडलं. अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कमाल आहे तुमची," मेव्हणी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि आवाज भरूनही येत होता. "एवढं मोठं कार्य आणि वेळ चुकीची सांगितलीत? तुम्हाला तारखा-वेळा कधी जमल्यात का, भावोजी? एकदा तिला नीट विचारून घ्यायचं होतंत."

"हो ना," अण्णा म्हणाले. "राहून गेलं."